ओठ रंगवायचे कोणी?

आजकाल घरच्या घरी लिपस्टिक करायची टूम निघाली आहे. बीट किसा, रस काढा, त्यात तूप घाला, झाली नैसर्गिक लिपस्टिक! आमच्या घरातल्या मुलींनीही हा प्रयोग केला. तूप वर, बीटचा रस खाली, आणि ओठांवर काहीच नाही. कारण सोपं आहे. बीटचा रंग पाण्यात उतरतो, तुपात नाही. तुपातेलात रंग उतरवायचा तर रतनजोत पाहिजे, म्हणजे रोगनजोश लाल करायला वापरतात ती मुळी. पण कृतीकडे नंतर येते. त्या निमित्ताने ओठांच्या रंगाच्या इतिहासात डोकावले आणि भलतीकडेच जाऊन पोचले.

पहिला धक्का कामसूत्राचा. (नाव वाचून दचकू नका, काका! त्यात दिनचर्येवरही बरंच काही आहे.) साधारण इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला हा ग्रंथ. त्यातला शहरी रसिक, म्हणजे 'नागरक', सकाळी उठून दात घासतो, थोडं गंध लावतो, धूप घेतो, मग मेण आणि अळता लावतो, आरशात तोंड बघतो, विडा घेतो आणि कामाला लागतो. हा पुरुष आहे बरं का! मेण आणि अळता म्हणजे रंग आणि तो धरून ठेवणारं माध्यम. आजच्या लिपस्टिकच्या कांडीत तरी याहून वेगळं काय असतं? मेण, तेल आणि रंग.

अळता म्हणजे लाखेचा रंग. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे कवच करून राहतात. ती लाख खरवडून पाण्यात भिजवली की लाल रंग सुटतो. एकोणिसाव्या शतकात हा रंग भारतातून युरोपात जात असे. 1856 साली पर्किनने पहिला कृत्रिम रंग काढला, त्यानंतर एकामागून एक कृत्रिम रंग आले आणि लाखेच्या रंगाचा बाजार बसला. थोडक्यात, 'नैसर्गिक' म्हणजे शाकाहारी असं समजणाऱ्यांनी जरा थांबावं. परदेशी लिपस्टिकमधला कार्माइन हा रंगसुद्धा किड्याचाच, फक्त तो निवडुंगावर राहतो.

आणि ओठ रंगवायची हौस आपलीच नव्हे. इराणमध्ये जिरोफ्त भागात दगडाची एक छोटी नळकांडी सापडली. तिच्यात गर्द लाल लेप होता. त्यावरचा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. इसवी सनापूर्वी 1900 ते 1700 च्या दरम्यानचा तो लेप, मुख्यतः हेमॅटाइटचा, म्हणजे आपल्या गेरूच्या जातकुळीचा, आणि सोबत वनस्पतींचं तेल आणि मेण. म्हणजे कृती चार हजार वर्षांत फारशी बदललेली नाही!

आपल्या घरांत मात्र अळता पायांवर आणि हातांवर राहिला. ओठांचा रंग आला तो विड्यातून. पान हिरवं, चुना पांढरा, सुपारी आणि कात तपकिरी. लाल काहीच नाही, तरी तोंड लालभडक! ही सगळी चुन्याची करामत. कात आणि सुपारीतल्या तुरट द्रव्यांवर चुन्याची क्रिया होऊन लाल रंग तयार होतो. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते, तसंच काहीसं.

आमच्या आईच्या आजोळी दुपारच्या जेवणानंतर विडे होत. ते करायचं काम एका आत्याबाईंकडे होतं. बालविधवा, माहेरी परत आलेल्या. अडकित्त्याने सुपारी अशी बारीक कातरायच्या की कागदासारखी. कोणाला चुना कमी, कोणाला वेलदोडा हवा, सगळं तोंडपाठ. सुनांना विडा देताना चेष्टा करायच्या, "बघू गं, किती रंगलाय, त्यावरून नवऱ्याचं प्रेम कळतं!" आणि स्वतः? स्वतः कधी खाल्ला नाही. विधवेला तांबूल वर्ज्य. संन्याशालाही वर्ज्य, ब्रह्मचाऱ्यालाही. फरक इतकाच की संन्याशाने ते आपणहून सोडलेलं असतं.

थंडीत ओठ फुटले की त्या कोकमतेल लावायच्या. कोकणातल्या लोकांना ठाऊक आहे, कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल, मुठीत दाबून गोळे करतात म्हणून 'मुठेल'. टाचांपासून ओठांपर्यंत सगळ्या भेगांवर एकच औषध. एवढं लालचुटूक फळ, पण त्याचं तेल पांढरंफटक. आत्याबाईंच्या वाट्याला कोकमातलंसुद्धा तेवढंच आलं, असं आई म्हणते.

मला हे ऐकल्यापासून 'आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही, सगळं कसं नैसर्गिक' हे वाक्य पटेनासं झालंय. रंग होता. फक्त कोणी लावायचा हे आधीच ठरलेलं होतं. सवाष्णीचे ओठ विड्याने लाल झाले तर शोभा आणि तिनेच लिपस्टिक लावली तर थिल्लरपणा! 1952 मध्ये टाटांनी लॅक्मे काढली. नाव फ्रेंच ऑपेराचं, पण मुळात ते आपल्या 'लक्ष्मी'चंच रूप. लक्ष्मीच्या नावाची लिपस्टिक आली, तरी कित्येक घरांत ती पुढे वर्षानुवर्षं कपाटात लपवावी लागली.

विड्याबद्दल हळहळण्यातही अर्थ नाही म्हणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये सुपारीला कर्करोगकारक ठरवलं, तंबाखू नसली तरीही. तेव्हा नैसर्गिक ते निर्धोक, हेही खरं नव्हे.

आता कृती. वाटीभर गरम पाण्यात छोटी वाटी ठेवा. तिच्यात चार चमचे खोबरेल आणि रतनजोतीचा बोटभर तुकडा घाला. तेल गर्द लाल झालं की गाळा, एक चमचा किसलेलं मधमाशीचं मेण घालून वितळवा आणि डबीत ओता. मेणाऐवजी थोडं कोकमतेल घातलंत तर मऊ होईल. रतनजोत या नावाने वेगवेगळ्या मुळ्या विकतात, म्हणून ओळखीच्या दुकानातून घ्या आणि आधी मनगटावर लावून बघा. डबीत पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका. युरोपातल्या बायकाही याच जातीची मुळी घालून ओठांचं मलम घरी करत असत.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायचं आवाहन केलं. ठरावात ओठांचा उल्लेख असायची गरज नाही, पण गोष्ट तीच आहे. तेव्हा मावश्यांनो, रतनजोतीची डबी केलीत तर घरातल्या प्रत्येकीला द्या. कोणाला चालेल आणि कोणाला नाही, हे तिचं तिलाच ठरवू द्या.