जलसा ते रॅप : शब्दाचा वारसा

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत रॅपवर लेख बघून काही वाचकांच्या भुवया वर जातील, हे आम्ही जाणून आहोत. आपल्या वस्तीतली पोरं कट्ट्यावर बसून मोबाइलवर ठेका लावतात आणि भराभर यमकं जुळवत बोलत सुटतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "हे कसलं गाणं? ना चाल, ना सूर. अमेरिकेचं खूळ!" पोरं म्हणतात, "तुम्हाला नाही कळायचं." आमचं आयुष्य सूत आणि मागाच्या खडखडाटात गेलं. शाळा थोडकीच झाली. जे काही शिकलो ते भीमगीतांतून आणि वाचनालयातल्या पुस्तकांतून. त्यामुळे दोन्ही बाजूंचं ऐकून घेऊन इतिहास काय सांगतो ते पाहावं, असं आम्ही ठरवलं.

पहिली गोष्ट म्हणजे, ठेक्यावर शब्द फेकून मारण्याची कला आपल्याला परकी नाही. आपल्या सोलापूरनेच शाहीर राम जोशी दिले. पेशवाईच्या अखेरच्या काळातला हा माणूस ब्राह्मण घरातला, पण तमाशाच्या फडात जाऊन उभा राहिला. त्या काळापासून कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन फड समोरासमोर बसत. एकाने डफावर सवाल टाकायचा, दुसऱ्याने जागच्या जागी कवनातून जबाब द्यायचा. रात्र सरे पण सवाल-जबाब सरत नसत. आज दोन रॅपर समोरासमोर उभे राहून एकमेकांना शब्दांत पकडतात, तो हाच खेळ आहे. आणि तमाशाची ही कला पिढ्यान् पिढ्या कुणी जगवली? ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्यांनीच.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. पुढे त्या चळवळीने तमाशाचाच साचा घेऊन सत्यशोधकी जलसा उभा केला. गण, सवाल-जबाब, बतावणी सगळं होतं, पण करमणुकीच्या जागी भटशाही आणि सावकारीचा पंचनामा होता. १९२७ साली चवदार तळ्याचा आणि १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. त्या धामधुमीत नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा उभा केला. वाचता न येणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांपर्यंत बाबासाहेबांचा विचार वर्तमानपत्रातून थोडाच पोचला? तो पोचला जलशातून. पोरांना शाळेत घाला, मेलेलं ढोर ओढू नका, दारू सोडा, देवऋषाच्या नादी लागू नका, हे सगळं हसत-गात सांगितलं जाई. कर्डकांच्या जलशाचं मोल बाबासाहेब आपल्या कितीतरी सभांच्या बरोबरीचं मानत, असं आपल्यात आजही सांगतात.

आपल्या जिल्ह्याचं नाव इथेही आहे. शाहीर अमर शेख १९१६ साली बार्शीत जन्मले. गिरणी कामगारांत वावरून त्यांचा आवाज तयार झाला. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या पथकाने मैदानं हलवली. अमर शेख आणि अण्णाभाऊ दोघेही १९६९ साली गेले. आणि वामनदादा कर्डक! सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या या माणसाला थोरपणी अक्षरओळख झाली. मुंबईत गिरणीत राबले, १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं आणि २००४ साली डोळे मिटेपर्यंत गावोगाव भीमराव गात राहिले. आपल्यातल्या किती घरांत पहिलं पुस्तक यायच्या आधी वामनदादांचं गाणं आलं, ते ज्याचं त्याने आठवावं.

आता अमेरिकेकडे वळू. न्यूयॉर्क शहरात ब्रॉन्क्स नावाचा भाग आहे. तिथून मोठा रस्ता काढायला हजारो घरं पाडली गेली, कारखाने उठून गेले, बेकारी वाढली. १९७० च्या दशकात तर विम्याच्या पैशासाठी घरमालकांनी आपल्याच इमारती पेटवून दिल्या. मिलचा भोंगा बंद झाला की वस्तीचं काय होतं, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. त्या ब्रॉन्क्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका इमारतीच्या हॉलमध्ये एका बहिणीने शाळेच्या कपड्यांना पैसे जमावेत म्हणून नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. तबकड्या लावायला तिचा भाऊ होता, जमैकाहून आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क. गाणं थांबून नुसती वाद्यं वाजतात त्या तुकड्यावर लोक जास्त नाचतात, हे त्याने हेरलं होतं. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तुकडा तो पुन्हा पुन्हा वाजवू लागला. त्या लांबलेल्या ठेक्यावर माइक घेऊन बोलणं सुरू झालं, तेच पुढे रॅप. वाद्यांना पैसे नाहीत म्हणून जुन्या तबकड्याच वाद्य झाल्या. कार्यक्रम गल्लीत, वीज कित्येकदा रस्त्यावरच्या खांबावरून! १९८२ सालच्या 'द मेसेज' या गाण्याने वस्तीचं दारिद्र्य जसंच्या तसं जगापुढे मांडलं.

त्या काळ्या बांधवांशी आपलं नातं जुनं आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते काळ्यांच्या हार्लेम वस्तीला लागूनच. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं आणि काळ्यांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे कसा मांडला जातोय याची माहिती मागितली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. तेव्हा या गाण्याला परकं म्हणण्याआधी हे सगळं ध्यानात घ्यायला पाहिजे.

इकडे मुंबईच्या वस्त्यांतल्या पोरांनी दहा-बारा वर्षांपूर्वी स्वतःच्या बोलीत रॅप सुरू केलं. २०१९ च्या 'गली बॉय' सिनेमाने ते घरोघरी नेलं. त्याच साली 'स्वदेसी' या मुंबईच्या मंडळींनी आरेचं जंगल आणि वारली लोकांच्या जमिनीवर गाणं काढलं. तमिळनाडूचा अरिवू, ओडिशाचा सुमीत सामोस यांनी जातीचा प्रश्न उघड मांडला. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज मुंगसे या मराठी तरुणावर, राजकारण्यांच्या पन्नास खोक्यांवर रॅप केलं म्हणून अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. शाहिरांच्या मागे पोलीस पूर्वीही लागत. म्हणजे परंपरा चालू आहे!

सगळं सोनं आहे असं आम्ही म्हणत नाही. कंपन्यांचा पैसा शिरल्यावर अमेरिकेतल्या रॅपमध्ये बंदुका, नशा, सोन्याच्या साखळ्या आणि बायकांचा अपमान यांचीही भर पडली. आपली पोरं तेही उचलतात, ते चालायचं नाही. पण एक घोटाळा टाळायला हवा. हिपहॉपमधला डीजे हा कलावंत असतो. आपल्याकडे डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत! तिच्यासमोर वामनदादांचं गाणं लावलं तरी शब्द ऐकू येत नाही, नुसती छाती हादरते. मागाजवळ वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला कान बधिर होणं काय असतं ते विचारा. जलशाचा प्राण शब्द, रॅपचाही प्राण शब्द. आपला वारसा बुडतोय तो रॅपमुळे नाही. आपल्याच वर्गणीतून आणलेल्या त्या भिंतींखाली तो बुडतोय.

म्हणून आमची सूचना आहे. येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचा खर्च कमी करावा आणि एक संध्याकाळ विहाराच्या अंगणात शब्दासाठी ठेवावी. आधी आपल्या म्हाताऱ्या बायांनी पाठ असलेली भीमगीतं म्हणावीत, ती पोरांनी मोबाइलमध्ये भरून ठेवावीत, नाहीतर त्यांच्याबरोबरच ती जातील. मग पोरा-पोरींनी आपलं रॅप म्हणावं. अट एकच : लिहिलेलं स्वतःचं असावं आणि आईसमोर म्हणता यावं. विषय तर समोर आहेत. बंद पडलेल्या मिल, चार-पाच दिवसांआड येणारं पाणी, पुण्याला नोकरीसाठी गेलेले भाऊ, शिष्यवृत्तीची वाट पाहणारी बहीण.

शाहिरांची मापं लावून पोरांना नापास करू नका. कर्डकांचा जलसाही त्या काळी काहींना तमाशाच वाटला असेल. माइक त्यांच्या हातात द्या, आणि बसून शेवटपर्यंत ऐका.

जयभीम!