मिठाचा खार, काट्याचा खार

इंग्रजी 'थिसल'ला मराठीत काय म्हणायचे, असे घरातल्या एका शाळकरी मुलाने विचारले आणि आम्ही अडलो. शब्दकोश उघडला, तर 'एक काटेरी झुडूप' एवढेच उत्तर. काटेरी तर बाभूळही आहे, बोरही आहे, करवंदही आहे. मुलाचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही.

थिसल म्हणजे पानांच्या कडेला काटे आणि डोक्यावर बहुधा जांभळ्या फुलांचा गोंडा असलेले झाड. स्कॉटलंडने ते आपले राजचिन्ह केले. रात्री चाल करून आलेल्या शत्रूचा अनवाणी पाय त्यावर पडला, तो ओरडला आणि झोपलेले सैन्य जागे झाले, अशी दंतकथा तिथे सांगतात. हे झाड सूर्यफुलाच्या कुळातले. त्या कुळातले काटेवाले भाऊबंद आपल्याकडेही आहेत. घाटावरच्या माळावर काट्यांचे गोल चेंडू मिरवणारा उंटकटारा हा त्यातला एक. दुसरी करडई, जिचे तेल आपण खातो. करडईचे शास्त्रीय नाव 'कार्थामस' हे अरबी 'कुर्तुम'वरून आले. 'आर्टिचोक' ही युरोपातली महागडी भाजीही थिसलच्याच जातीची आणि तिचे नाव अंदलूसच्या अरबांनी दिलेल्या 'अल्-खर्शूफ'वरून पडलेले. म्हणजे ज्या शब्दापाशी आम्ही अडलो होतो, त्याच्या गणगोतात आपल्या ओळखीची माणसे बरीच निघाली.

पण पेण-रोह्याच्या माणसाला माळावरचा उंटकटारा दाखवून काय उपयोग? त्याला त्याच्या बांधावरचे झाड दाखवायला हवे. ते झाड म्हणजे मारांडी.

धरमतरच्या खाडीकाठी किंवा रोह्याहून कुंडलिकेच्या काठाने खाली जाताना चिखलात कमरेएवढी गर्द हिरवी झुडपे दिसतात. पाने जाड, चकचकीत, कडांना टोकदार काटे. उन्हाळ्यात निळसर जांभळी फुले येतात. तिवरांच्या पुढेमागे, उघाडीच्या तोंडाशी, बांधाच्या उतारावर ती माजलेली असते. तिच्या मुळांशी निवट्या आणि चिंबोऱ्या दडतात. जाळे तिच्यात अडकले की कोळी तिला शिव्या घालतो, पण भरतीच्या लाटेचा जोर मोडायला तिवरांच्या जोडीला तीही असते, हे त्याला ठाऊक असते.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मारांडी थिसल नव्हे. ती अडुळसा आणि काटेकोरांटीच्या कुळातली. पण पाहणाऱ्याला ती थिसलच वाटते आणि तिचे शास्त्रीय नावही काट्यावरूनच आहे. 1753 साली स्वीडनच्या लिनिअसने तिला 'अकँथस इलिसिफोलियस' म्हटले. ग्रीक भाषेत 'अकांथा' म्हणजे काटा. 'इलिसिफोलियस' म्हणजे इलेक्स नावाच्या युरोपी झाडासारखी पाने असलेली. लिनिअसने आपल्या खाड्या कधी पाहिल्या नाहीत. त्याने आपल्या अंगणातल्या झाडांशी ताडून तिचे नाव ठेवले. याच अकँथसच्या दुसऱ्या जातीची पाने ग्रीकांनी आपल्या स्तंभांच्या माथ्यावर कोरली. पुढे जेरुसलेमच्या कुब्बतुस्सख्राच्या सातव्या शतकातल्या नक्षीतही त्या पानांच्या वेली आल्या. ग्रीकांचा काटा मुसलमान कारागिरांच्या काळातही शोभेला लागला.

मारांडीची एक खूण मात्र तिच्या शास्त्रीय नावात आली नाही. ती खारे पाणी पिते आणि पानांतल्या बारीक ग्रंथींतून मीठ बाहेर टाकते. पान जिभेला लावून पाहा, खारट लागेल. दुसरी गोष्ट अशी, की दाट सावलीत वाढलेल्या मारांडीच्या पानांना काटे फार थोडे असतात, कधी नसतातही. उन्हात उघड्यावर उभी राहिली की तीच काटेरी होते. जिला जग 'काटा' म्हणते तिचे काटेही अशा परिस्थितीने ठरतात.

आता आपल्या जिभेवरच्या एका शब्दाकडे येऊ. पेणचा शेतकरी आपल्या भागाला 'खारेपाट' म्हणतो. मुंबईकडून पेणच्या वेशीवर येतानाचे पहिले गाव खारपाडा. 'खार जमीन', 'खारबंदिस्ती', 'लोणच्याचा खार' हे सारे संस्कृत 'क्षार'वरून, म्हणजे मिठावरून आले. पण आपल्या घरांत उर्दू वाचणारी माणसे होती आणि आहेत. त्यांच्या कानाला 'ख़ार' म्हणजे काटा. गुल आणि ख़ार ही जोडी शायरीत पदोपदी भेटते. हा फारसी शब्द.

एक शब्द मातीचा आणि दुसरा किताबातला, तेव्हा त्यांचा संबंध नाही, असे कुणी म्हणेल. मग मराठी माणूस 'तो माझ्यावर खार खाऊन आहे' म्हणतो तेव्हा तो काय खातो? मीठ नव्हे. तो उर्दूतल्या 'ख़ार खाना'चा सख्खा भाऊ, म्हणजे मनात सलणारा काटा. फारसीचा एक अक्षर न येणारा शेतकरीही हा वाक्प्रचार सहज वापरतो. मिठाचा खार आणि काट्याचा खार मराठीत शेजारी राहतात, कुणी कुणाला हाकलत नाही. आणि मारांडीच्या एकाच पानावर दोन्ही सापडतात.

हे शब्द आले कसे? रोह्याची कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी चौल आहे. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. अल-मसूदी इ.स. 916 च्या सुमारास तिथे आला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले. सिराफ, उमान, बसरा, बगदाद इथले लोक होते आणि इथेच जन्मलेलेही होते. इथे जन्मलेल्यांना 'बयासिरा' हे वेगळे नाव होते. पुढे बहमनी आणि निजामशाही दफ्तरांतून फारसी घाटावरूनही आली. समुद्राची वाट आणि दफ्तराची वाट, अशा दोन्ही वाटांनी आलेले शब्द इथल्या चिखलात रुजले. हजार-अकराशे वर्षांनंतर त्यांना उपरे म्हणणे म्हणजे खारेपाटातल्या मारांडीला परदेशी म्हणण्यासारखे आहे.

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत केवळ एका मात्रेचा फरक आहे. अमेरिकेतून आलेल्या काटेरी पिवळ्या धोतऱ्याला आपल्या लोकांनी 'फिरंगी धोतरा' म्हटले. नाव रास्त होते, कारण झाड खरेच बाहेरचे होते. पण जे बाहेरचे नाही, त्यालाही एखादे नाव चिकटते आणि मग त्या नावाप्रमाणेच त्याच्याशी वागणूक होते. कुरआनच्या 88 व्या सूरेत 'दरीअ' या काटेरी वनस्पतीचा उल्लेख आहे. भाष्यकार सांगतात, की अरब लोक ती ओली असताना तिला शिब्रिक म्हणत. तेव्हा उंट तिला खात. वाळली की ती दरीअ, मग जनावर तोंड लावत नसे. झाड एकच, पण कोणत्या अवस्थेत पाहिले त्यावर नाव ठरले.

नावाने जमिनीचे काय होते, हे पेणने पाहिले आहे. समुद्राला बांध घालून काढलेल्या या जमिनींना जुन्या काळी 'शिलोत्री' म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी चिखल उपसून बांध राखले. कुठे खांड गेली की सारा गाव रात्रीच्या भरतीला धावत असे, त्यात कोण कुठल्या मोहल्ल्याचा हे कुणी विचारत नसे. 1948 साली खार जमिनींचा कायदा आला, 1979 साली नवा कायदा आला आणि बांधाची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली. ज्या बांधाची वेळेवर डागडुजी होत नाही त्याला खांड जाते. भरतीचे पाणी शेतात शिरते. दोनचार वर्षांत तिथे तिवर आणि मारांडी उगवते. मग त्याच शेताचे नाव बदलते आणि ते कांदळवन होते. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवने तोडायला बंदी केली. समुद्रकाठासाठी ते हिताचेच झाले. पण ज्याच्या भातशेतीत सरकारी हयगयीमुळे कांदळवन आले, त्याने काय करावे?

दुसऱ्या बाजूने हीच जमीन 'खार' म्हणजे नापीक, असे समजून मोठ्या औद्योगिक क्षेत्रासाठी मागितली गेली. 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत जनमत घेतले गेले. शेतकऱ्यांनी रांगा लावून विरोधात कौल दिला आणि तो प्रकल्प उभा राहिला नाही. त्यांच्या लेखी खार म्हणजे नापीक नव्हे. खार म्हणजे पावसाळ्यातले भात आणि घरातले तांदूळ.

म्हणून त्या मुलाला आम्ही 'थिसल'चा प्रतिशब्द सांगितला नाही. त्याला बांधावर नेले आणि मारांडी दाखवली. तिचे पान तोडून जिभेला लावायला सांगितले. त्याने तोंड वाकडे केले, बोट टोचले म्हणून ओरडलाही. मग म्हणाला, "हे तर खार आहे!"

कोणता खार, हे आम्ही त्याला विचारले नाही. दोन्ही त्याचेच आहेत.