कॅलिप्सो ही नुसती करमणूक नव्हे

१९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात सुनील गावसकरांनी पदार्पणाच्या मालिकेतच ७७४ धावा कुटल्या आणि लॉर्ड रिलेटर या त्रिनिदादच्या तरुण गायकाने त्यांच्यावर गाणे रचले. बहुतेक मराठी रसिकांची कॅलिप्सो या तिथल्या गानप्रकाराशी ओळख एवढीच. त्यातूनच एक समज रुजला आहे: कॅलिप्सो म्हणजे कार्निव्हलची नाचगाणी, समाज बदलायचा असेल तर गायकाने आधी ही मौज सोडून गंभीर झाले पाहिजे. हा समज तपासून पाहिला की टिकत नाही.

ज्या रिलेटरने गावसकरांचे गुणगान केले, त्यानेच १९८०मध्ये कॅलिप्सो मोनार्क हा कार्निव्हलच्या गायनस्पर्धेचा किताब पटकावला, तो अन्नधान्याच्या महागाईवर गाऊन. गायक तोच, बाजही तोच. तिथल्या श्रोत्याला थट्टा आणि तक्रार एकाच गाण्यात ऐकायची सवय आहे. ब्रिटिश राज्यकर्त्यांनीही हे पुरते ओळखले होते. १९३४च्या कायद्याने गायकांना आपल्या गाण्यांचे शब्द आधी अधिकाऱ्यांपुढे ठेवावे लागू लागले. निव्वळ करमणुकीवर कुठले सरकार असा पहारा बसवते? या सेन्सॉरशिपविरुद्ध गाणारे रेमंड केवेडो, म्हणजे ‘अटिला द हन’, १९४६मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या नगरपरिषदेवर निवडूनही आले.

पण सर्वांत बोलका दाखला कॅलिप्सो रोझचा. १९४०मध्ये टोबॅगोत जन्मलेल्या या मुलीने वयाच्या पंधराव्या वर्षी पहिले गाणे रचले. एका बाईच्या डोळ्यांवरचा चष्मा हिसकावून पळणारा माणूस तिने पाहिला होता. गाणे त्याच्यावर होते. कॅलिप्सो जिथे गायली जाई ते ‘तंबू’ तेव्हा पुरुषांचे आणि घरातून विरोध. तरी ती गात राहिली. १९७८मध्ये तिने ‘कॅलिप्सो किंग’ स्पर्धा जिंकली आणि आयोजकांना किताबाचे नावच बदलून ‘मोनार्क’ करावे लागले. हे तिने साधले ते त्याच मंचावर, त्याच तालात गाऊन.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. २२ एप्रिल १९७८ रोजी जमैकातल्या किंग्स्टनच्या मैफलीत रेगे गायक बॉब मार्लीने मायकेल मॅनली आणि एडवर्ड सियागा या कट्टर राजकीय विरोधकांचे हात एकत्र आणले. तरीही १९८०च्या निवडणुकीच्या काळात जमैकात शेकडो माणसे मारली गेली. मग गाण्याने काय बदलले? आक्षेपातले तथ्य नाकारता येत नाही. पण त्या रात्री शांतता अवलंबून होती ती नेत्यांवर आणि त्यांच्या बंदूकधाऱ्यांवर. समोरची गर्दी प्रेक्षक होती. नेत्यांच्या मनावर गाण्याचा ताबा चालत नाही, एवढेच यातून सिद्ध होते.

रोझचे गाणे वेगळ्या ठिकाणी काम करते. २०१६च्या त्रिनिदाद कार्निव्हलमध्ये एका जपानी स्टीलपॅनवादक तरुणीचा खून झाला. पोर्ट ऑफ स्पेनच्या महापौरांनी बायकांच्या पेहरावावर आणि वागण्यावर बोट ठेवले. संतप्त निदर्शने झाली आणि त्यांना पायउतार व्हावे लागले. पुढच्या कार्निव्हलला पंचाहत्तरी ओलांडलेल्या रोझचे ‘लीव्ह मी अलोन’ रस्त्यारस्त्यांवर घुमले. मला माझ्या आनंदात नाचू द्या, अंगचटीला येऊ नका, असे बजावणाऱ्या स्त्रीचे हे गाणे. हजारो बायकांनी ते आपलेसे केले; कुणी ते शब्द अंगातल्या टी-शर्टवर मिरवले. त्यामुळे अत्याचार संपले, असा माझा दावा नाही. मात्र जी गोष्ट एकट्या बाईला गर्दीत बोलता येत नव्हती, ती आता सगळ्यांना पाठ होती आणि नाचता नाचता ठणकावून सांगता येत होती.

इथेच मूळ समज उलटा ठरतो. या बायका मागत होत्या तो निर्भयपणे मौज करण्याचाच हक्क. त्यांच्या गायिकेला ‘मौज सोड, मग समाजकार्य कर’ असे सांगणे म्हणजे तिला तिची मागणीच सोडायला सांगणे आहे.