शिरोरेषा आणि मध्यरेषा : देवनागरी मुद्रणाकडून मोबाइल पडद्याकडे

मोबाइलच्या पडद्यावरील चौकटीत मराठी शब्द उभ्या अंगाने नेमका मधोमध बसविणे ही बाब वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटते. वस्तुतः तिची मुळे देवनागरी मुद्रणाच्या इतिहासात आहेत. रोमन अक्षर पायरेषेवर उभे असते, तर देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकलेले असते. शिवाय वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार वर, तर उकार, ऋकार व हलन्तचिन्ह खाली अशी तिची तीन मजली रचना आहे.

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले, तेव्हा हा प्रश्न उद्भवला नाही. कारण तेथे हस्ताक्षरच उमटत असे. खिळ्यांच्या छपाईत मात्र तो टाळता येण्यासारखा नव्हता. मुंबईकडील 'डिग्री' पद्धतीत अक्षर, वरची चिन्हे व खालची चिन्हे स्वतंत्र खिळ्यांवर असत. जुळाऱ्याला एकाच ओळीसाठी तीन थर रचावे लागत आणि जेथे मात्रा नसेल तेथे रिकामे खिळे भरून जागा राखावी लागे. 'अखंड' पद्धतीत चिन्हासह अक्षर एकसंध ओतले जाई. श्रम वाचत, पण खिळ्यांची संख्या वाढे. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने (१८६९) सुबक खिळ्यांचा लौकिक मिळविला. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ साली यवतमाळ येथून 'लोकमत' सुरू केले, तो काळही हाताने खिळे जुळविण्याचाच होता.

संगणकात खिळा गेला, पण रिकामी जागा राहिली. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' टंक विंडोज २००० सोबत आला. प्रत्येक टंकात वर-खाली किती जागा सोडावी याचे आकडे असतात. आज्ञावली शब्द मधोमध बसविते ती या आकड्यांवरून. डोळ्याला दिसणाऱ्या अक्षरावरून नव्हे. म्हणून वरची जागा अधिक असलेल्या टंकात 'जतन' हा मात्राविहीन शब्द खाली घसरल्यासारखा दिसतो. यावर दृश्य अक्षराचा मध्य काढावा, असा उपाय सुचतो. तो फसवा आहे. 'जतन' आणि 'शोधा' शेजारी ठेवून दोहोंचे मध्य वेगवेगळे काढले, तर शिरोरेषा वरखाली होते आणि ओळच मोडते. जुळाऱ्याने रिकामे खिळे भरले ते याचसाठी!

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. रोमन लिपीच्या मापाने आखलेल्या चौकटीत देवनागरी मावत नाही. अँड्रॉइडसाठी नोटो टंकाची जी आखूड 'यूआय' आवृत्ती तयार झाली, तिच्यात वरची व खालची चिन्हे दाबून घेण्यात आली. तसे न करता चौकटच आखूड ठेवली तर चिन्हे कापली जातात. उकार गेला की 'तूर'चे 'तर' होते, अनुस्वार गेला की 'बंद'चे 'बद'. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करावयाची ठरली. यवतमाळसारख्या कापूस-तुरीच्या जिल्ह्यात अशा पडद्यावरील प्रत्येक उकार हा नोंदीचा भाग ठरतो. त्यामुळे चौकटीची उंची आधी तीन मजल्यांच्या मापाने ठरवावी, शिरोरेषा स्थिर ठेवावी आणि मगच मध्य शोधावा, हा क्रम अधिक योग्य दिसतो. डिग्री पद्धतीचा जुळारी नेमक्या याच क्रमाने काम करीत असे.