पटलावर येणारा हिशेब

बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातला पूर्णा नदीवरचा जिगाव प्रकल्प मुळात सुमारे ३९४ कोटी रुपयांचा होता. पुढे त्याचा खर्च हजारो कोटींवर गेला. खारपाणपट्ट्यातले शेतकरी पाण्याची वाट पाहत राहिले, बुडीत क्षेत्रातली गावे पुनर्वसनाची. खर्च का वाढला, सुधारित मान्यता कोणी दिली, जमीन ताब्यात येण्याआधी कामे निघाली का, हे प्रश्न कागदपत्रांच्या आधारे विचारण्याची विद्या म्हणजे सार्वजनिक लेखापरीक्षा. बुलढाण्याच्या वाचकाचा या विद्येवर पहिला हक्क आहे.

संविधानाच्या अनुच्छेद १५१ नुसार नियंत्रक व महालेखापरीक्षक राज्याच्या लेख्यांवरील अहवाल राज्यपालांना सादर करतात आणि राज्यपाल तो विधिमंडळापुढे ठेवण्याची व्यवस्था करतात. जिगाव ज्या विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहे, तशा महामंडळांवरील अहवालांसाठी नियंत्रक व महालेखापरीक्षकांविषयीच्या १९७१ च्या अधिनियमात कलम १९-अ आहे. अहवाल मिळाल्यावर शासनाने तो शक्य तितक्या लवकर सभागृहापुढे ठेवावा, असे ते सांगते. मात्र दिवसांची मुदत दोन्हीकडे नाही. त्यामुळे महाराष्ट्रात हे अहवाल बहुधा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतात आणि चर्चेला वेळच उरत नाही. ही मुदत कायद्यातच लिहिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पटलावर येईपर्यंत अहवाल गोपनीय असतो. तो आल्यावरच आमदारांना त्यावर बोलता येते, विधिमंडळाच्या लोकलेखा समितीला सचिवांची साक्ष घेता येते आणि नागरिकाला तो वाचता येतो.

नव्या अभ्यासकाने सुरुवात आपल्या तालुक्यापासून करावी. जिल्हा परिषदेच्या हिशेबासाठी स्थानिक निधी लेखापरीक्षेचे अहवाल आणि विधिमंडळाच्या पंचायती राज समितीचे कामकाज पाहावे. प्रत्येक परिच्छेदात आक्षेप, त्यावर शासनाचा खुलासा आणि लेखापरीक्षकाचा अभिप्राय वेगवेगळे वाचावेत. आक्षेप म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. खुलासा न वाचता निष्कर्ष काढणे हा संबंधितांवर अन्याय ठरेल.

मग तीन तारखा एका ओळीत लिहाव्यात: अहवाल सादर झाला ती, पटलावर आला ती आणि समितीने विचारात घेतला ती. शासनाने आपले कर्तव्य किती तत्परतेने पार पाडले, हे त्यांतल्या अंतरावरून कोणत्याही नागरिकाला स्वतः तपासता येते.