एक लाखाचा आकडा

आमच्या घरात या दुखण्याला ‘उन्हाळी लागली’ एवढंच नाव होतं. धन्याचं पाणी प्या, सब्जा भिजत घाला, की झालं! पुरुषांसमोर त्याहून जास्त बोलायची पद्धत नव्हती. आता मात्र घरोघरच्या आज्यांच्या युरिन कल्चरच्या रिपोर्टवर ‘१ लाखाहून जास्त’ असं छापून येतं. हा लाख आला कुठून?

बोस्टनहून. १९५०च्या दशकात एडवर्ड कास या डॉक्टरांपुढे साधाच प्रश्न होता. लघवीचा नमुना घेताना त्वचेवरचे जंतू त्यात पडतातच, मग खरा संसर्ग ओळखायचा कसा? खात्रीसाठी नळी घालावी, तर त्या नळीनेच जंतू आत जायचे. (१९५८ साली पॉल बीसन यांनी नळीविरुद्ध खणखणीत लेखच लिहिला.) कास यांनी सरळ जंतू मोजले. मूत्रपिंडाला संसर्ग झालेल्या बायकांच्या बहुतेक नमुन्यांत मिलिलिटरमागे लाखाहून जास्त सापडले. १९५६ साली हे छापून आलं आणि पुष्कळ जणींची नळी टळली. केवढी सोय!

पण त्याच मोजणीत दिसलं की काहीही त्रास नसलेल्या काही बायकांतही लाखभर जंतू असतात. ऐंशीपुढे तर साधारण पाचांत एकीला.

माझ्या आत्याला ना जळजळ, ना ताप. तरी नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. तिसऱ्याने जुलाब लागून ती आडवीच झाली. चौथ्या वेळी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, “आजी, त्रास काय होतोय?” “काही नाही.” मग औषधही नाही! गरोदरपण आणि मूत्रमार्गावरच्या काही शस्त्रक्रिया सोडल्या तर आजचा नियम हाच. जळजळ, ताप, कंबरेत कळ असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबू नये.

“लखपती झाले गं मी,” म्हणाली घरी येताना.

ज्यांना खरंच पुन्हापुन्हा त्रास होतो त्यांचं काय? पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, योनीतले राखणदार लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि आतड्यातल्या ई. कोलायला रान मोकळं मिळतं. १९९३ साली राझ आणि स्टॅम यांनी अशा ९३ बायकांवर प्रयोग केला. योनीत इस्ट्रिऑलचं क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, औषधाविना नुसतं क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. तीस वर्षं उलटली, पण आमच्या ओळखीतल्या एकाही आजीला हे कुणी सुचवलेलं नाही. सांगणाऱ्याला संकोच, विचारणारीला त्याहून जास्त. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. बाकीच्यांनीही विचारूनच घ्यावं, पण विचारावं तरी.