चुकती उधारी आणि फिरती उधारी



न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते साल 1875. त्याच सालच्या मे महिन्याच्या 12 तारखेला, याच जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली, कर्जाचे रोखे हिसकावले आणि जाळून टाकले. त्या काळात आपल्या खडकवासल्याला मुठेवर धरणाचे काम चालू होते. पूर्वेकडच्या कोरड्या मुलुखाला पाणी द्यावे हा त्यामागे एक हेतू होता. पाण्याचा बंदोबस्त होत होता. व्याजाचा व्हायचा होता.

आज आपल्या खिशात जे कार्ड असते त्याचा इतिहास सांगणारे अमेरिकेपासून आरंभ करतात. आम्ही सुप्यापासून करतो, कारण कार्ड नवे असले तरी त्यामागचा हिशेब जुना आहे.

उधारीच्या मूळ जाती दोन. पहिली वाण्याच्या वहीची. कामगाराला पगार महिन्याने मिळतो आणि भूक रोज लागते. मधले दिवस वाणी वहीवर भागवतो आणि पगार झाला की खाते चुकते होते. वाण्याचा नफा मालाच्या भावात असतो. गिऱ्हाइकाने वेळेवर पैसे द्यावेत यातच त्याचे हित. ही चुकती उधारी.

दुसरी जात सावकाराच्या रोख्याची. तिचा मासला पाहण्याजोगा आहे. 1859 साली सरकारने मुदतीचा कायदा केला : रोखा तीनच वर्षे चालेल. व्याज साचत जाऊ नये हा हेतू. सावकाराने तो उलटा फिरवला. तीन वर्षे भरत आली की कुळाकडून नवा रोखा लिहून घ्यायचा आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून घालायचे. समजा, शंभर रुपये दरमहा शेकडा दोन दराने घेतले. तीन वर्षांत व्याज 72, म्हणून नवा रोखा 172 चा. सहा वर्षांनी तो होतो सुमारे 296 चा, नऊ वर्षांनी 509 चा. कुळाने मधल्या काळात नवा पैसाही उचललेला नाही! आपल्याकडे दामदुप्पटीचा जुना नियम होता : थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक मागता येत नाही. पण व्याजालाच मुद्दलाचा अंगरखा चढवला की नियम पाहत उभा राहतो. ही फिरती उधारी. येथे सावकाराचे हित कुळाने फेडू नये यात असते. थोडे थोडे देत राहावे, एवढेच.

दंग्यानंतर चौकशी झाली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा आला. रोख्यावरचा आकडा पाहून न थांबता मूळ व्यवहार काय होता हे शोधण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. दिलेल्या पैशाची पावती मागण्याचा हक्क कुळाला मिळाला. पुढे याच कायद्याखाली रानड्यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

शेतातून गिरणीत आलेल्या माणसाबरोबर हा रोखाही आला. बहुसंख्य कामगार आपल्या कामाच्या आयुष्याचा बराच काळ कर्जात काढतात, असे 1931 साली कामगारविषयक शाही आयोगाने नोंदवले. पगार उशिरा होई, म्हणून वहीची उधारी तुंबे. वही तुंबली की माणूस व्याजाने पैसे काढी. 1936 च्या वेतन कायद्याने पगाराला मुदत घातली. पगार वेळेवर मागणे ही आम्ही चळवळीतील माणसे कर्जाविरुद्धचीच मागणी मानतो, ती यासाठी.

आता कार्डाकडे वळू. 1950 साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब निघाला. सभासदाने महिनाभर सहीवर जेवावे आणि बिल आले की सगळे भरावे. कंपनी आपली दलाली हॉटेलवाल्याकडून घेई. हे चार्ज कार्ड, म्हणजे वाण्याची वहीच. 1958 साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरी सुमारे 60,000 कार्डे, कोणी मागितली नसताना, टपालाने घरोघर धाडली. यात सगळे बिल भरण्याची सक्ती नव्हती. थोडे भरा, बाकीवर व्याज द्या. हे क्रेडिट कार्ड. आपल्या देशात 1980 साली सेंट्रल बँकेने कार्ड काढले आणि पुढे रूढ झाले ते क्रेडिट कार्डच.

त्याच्या बिलावर दोन आकडे असतात : एकूण देय आणि किमान देय. समजा, एकूण 20,000 आहेत आणि किमान शेकडा 5, म्हणजे 1,000. व्याज दरमहा साडेतीन टक्के धरले तर 700 रुपये. त्यावर 18 टक्के कर, 126. म्हणजे हजारातले 826 व्याजाकरात गेले. मुद्दल फिटले 174 रुपये. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. दर महिन्याला नवा रोखा लिहावा तसे हे आहे. फरक एवढाच, की आता अंगठा उठवावा लागत नाही.

दामदुप्पटीचा नियम महाराष्ट्राच्या सावकारी कायद्यांत आला, 1946 च्या आणि 2014 च्याही. पण बँका त्या कायद्यांबाहेर. 2008 साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डाचे व्याज वर्षाला 30 टक्क्यांवर नको असे ठरवले. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. रिझर्व्ह बँकेने 2022 च्या निर्देशांत न मागता कार्ड देण्यास मनाई केली आणि किमान रक्कम भरण्याचे परिणाम बिलावर सांगण्यास लावले. पावतीचा हक्क मिळाला, मर्यादेचा नाही.

खडकवासला 2021 मध्ये पुणे महापालिकेत आले. शहराच्या सोयींबरोबर शहराची उधारीही येथे येणार. कार्ड टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. पगार आणि खर्च यांतले दिवस कोणीतरी भागवावेच लागतात, आणि एकूण देय मुदतीत भरणाऱ्याच्या हाती क्रेडिट कार्डही चार्ज कार्डच होते. ज्याला ते भरवत नाही त्याने किमान देयाच्या मागे न लागता कामाच्या ठिकाणच्या पतपेढीचा दर आधी विचारावा. तेथे मुद्दल ठरलेल्या हप्त्यांनी संपते.

आणि संघटनांनी एक मागणी उचलावी : दामदुप्पट कार्डालाही लावा. झगडून मिळवलेली पगारवाढ व्याजाच्या भगदाडातून वाहून जाणार असेल, तर करारावर सही झाली म्हणून आमचे काम संपले असे म्हणता येणार नाही. सुप्याच्या लोकांना रोखे जाळावे लागले, कारण ते वाचून दाखवणारा कोणी नव्हता. आपल्याला बिल वाचता येते. ते एकमेकांना वाचून दाखवू.